घरी कॅरॅमल पुडिंग करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत ओव्हन असो वा नसो, कुकर असतोच, आणि खरवस वाफवायची सवयही असते. कॅरॅमल पुडिंगला यापेक्षा जास्त काही लागत नाही. खालची प्रमाणं सहा जणांना पुरेल अशा, सहा इंच व्यासाच्या गोल डब्यातल्या पुडिंगची आहेत. टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटरचा मापाचा चमचा, जेवायचा चमचा नव्हे.

कॅरॅमल पुडिंग, कॅरॅमल कस्टर्ड आणि कस्टर्ड पावडरचं कस्टर्ड हे एकच का?

पहिली दोन नावं एकाच पदार्थाची. तळाशी कॅरॅमल ओतलेल्या भांड्यात दूध, अंडी आणि साखरेचं मिश्रण मंद आचेवर घट्ट करायचं, गार करायचं आणि उलटं करून वाढायचं. फ्रेंच लोक त्याला क्रेम कॅरॅमेल म्हणतात, स्पॅनिश लोक फ्लान. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तर पोर्तुगीजांकडून आलेलं पुदिम हे नावही कानावर पडेल.

कस्टर्ड पावडरचं प्रकरण वेगळं आहे. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांनी ती १८३७ मध्ये बनवली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नव्हती. ती पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं पांढरं पीठ (कॉर्नफ्लोअर), त्यात रंग आणि वास. हा फरक स्वयंपाकात फार महत्त्वाचा आहे. मक्याच्या पिठाचं कस्टर्ड उकळल्याशिवाय घट्ट होत नाही, आणि अंड्याचं कस्टर्ड उकळलं की बिघडतं. पावडरीच्या सवयीने अंड्याचं पुडिंग भरपूर आचेवर शिजवलं जातं, आणि बिघडलेल्या पुडिंगांपैकी निम्मी तिथेच बिघडतात.

नेमकं प्रमाण काय?

कस्टर्डसाठी: दूध ५०० मिलि, मध्यम आकाराची अंडी ४, साखर ७५ ग्रॅम (सपाट ६ टेबलस्पून), व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा, चिमूटभर मीठ.

कॅरॅमलसाठी: साखर १०० ग्रॅम (सपाट ८ टेबलस्पून), पाणी २ टेबलस्पून, लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब.

मध्यम अंडं म्हणजे कवचासकट ५० ते ५५ ग्रॅम. गावठी अंडी घेतलीत तर ती लहान असतात, तेव्हा चारच्या जागी पाच घ्या. पुडिंग आणखी मऊ, जिभेवर विरघळणारं हवं असेल तर ३ पूर्ण अंडी आणि २ बलक घ्या. पांढऱ्या भागामुळे पुडिंग उभं राहतं आणि बलकामुळे मुलायम होतं. फक्त बलकाचं पुडिंग चवीला उत्तम, पण ताटलीत उलटं केल्यावर कडेने ढासळतं, म्हणून ते वाटीतच खावं.

कंडेन्स्ड मिल्क वापरायचं असेल तर २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ३५० मिलि दूध, ४ अंडी घ्या, आणि कस्टर्डमध्ये साखर अजिबात नको. हे पुडिंग दाट आणि जास्त गोड होतं.

कॅरॅमल कसं करायचं? दर वेळी अंदाज चुकतो.

आधी तयारी. पुडिंगचा डबा कोमट करून ओट्यावर हाताशी ठेवा, कापडाची दोन जाड फडकी घ्या, आणि लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. तयार कॅरॅमल १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि ते कातडीला चिकटून राहतं. भाजलंच तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. चिकटलेली साखर ओढून काढू नका, वर टूथपेस्ट किंवा हळद लावू नका. भाजलेला भाग मोठा असेल तर थेट डॉक्टरकडे जा.

जाड बुडाचं, आतून चकचकीत असलेलं स्टीलचं भांडं घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग दिसत नाही, आणि इथे सगळा खेळ रंगाचा आहे. साखर, पाणी, लिंबाचा रस घालून मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळेपर्यंत ढवळायला हरकत नाही. एकदा उकळी फुटली की चमचा बाजूला ठेवायचा तो ठेवायचा. त्यानंतर फक्त भांडं कानांना धरून हलकेच गोल फिरवायचं.

पहिली चार-पाच मिनिटं काही घडत नाहीसं वाटेल, नुसते पांढरे बुडबुडे. पाणी उडून जातं तसे बुडबुडे मोठे आणि आळशी होतात. मग एका कडेला फिकट पिवळा रंग दिसतो, आणि तिथून पुढे सगळं झपाट्याने घडतं. मधाचा रंग आला की आच अगदी बारीक करा. कोऱ्या दाट चहाचा लालसर तपकिरी रंग येण्याच्या एक पायरी आधी गॅस बंद करा, कारण भांड्याच्या उष्णतेने रंग पुढे चढतच राहतो. लगेच डब्यात ओता आणि डबा फिरवून तळ झाकून घ्या. कडांना अर्धा इंच चढलं तरी पुरे.

थंड होताना कॅरॅमल टणक होईल, कधी कडकड आवाज करत तडे जातील. त्यात बिघडलेलं काही नाही, शिजताना आणि मुरताना ते पुन्हा पातळ होतं.

साखरेचा पाक अचानक पांढरा, दाणेदार गोळा का होतो?

एखादा न विरघळलेला दाणा पाकात पडला की त्याच्याभोवती बाकीची साखर जमायला लागते आणि क्षणात सगळं भांडं वाळूसारखं होतं. हा दाणा बहुतेक वेळा चमच्यावरून येतो किंवा भांड्याच्या कडेवर उडालेल्या शिंतोड्यातून. म्हणून उकळी आल्यावर ढवळायचं नाही, आणि कडेला दाणे दिसले तर पाण्यात बुडवलेल्या ब्रशने किंवा ओल्या फडक्याच्या टोकाने ते खाली ढकलायचे. लिंबाचा रसही त्यासाठीच आहे. आम्लामुळे थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते, आणि अशा मिश्रणात दाणा सहज धरत नाही.

गोळा झालाच तर टाकू नका. दोन-तीन टेबलस्पून पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

कॅरॅमल कडू झालं. वापरू का?

किंचित कडवटपणा हवाच, नाहीतर ते नुसतं गोड पाणी लागतं. ज्यांना सवय नाही त्यांना बरोबर जमलेलं कॅरॅमलही पहिल्यांदा कडू वाटतं, पण गोड कस्टर्डबरोबर खाल्लं की तोच कडवटपणा चव उचलून धरतो. निळसर धूर निघाला, रंग काळ्या कॉफीसारखा झाला आणि वास नाकात झोंबला, तर मात्र ते जळलं. त्याला उपाय नाही. शंभर ग्रॅम साखर गेली असं समजा आणि नव्याने करा. जळकं कॅरॅमल घातलं की दूध-अंडीही वाया जातात.

बेळगावच्या कुंद्याला जो रंग असतो तो याच कॅरॅमलचा का?

काही अंशी. दूध तासन्‌तास आटवताना त्यातली प्रथिनं आणि दुधातली साखर यांच्यात प्रक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो. शिवाय कुंदा करताना अनेक जण साखर वेगळी जाळून, म्हणजे कॅरॅमल करूनच, आटलेल्या दुधात घालतात. ज्याला कुंद्यासाठी साखर योग्य रंगावर उतरवता येते त्याला पुडिंगच्या कॅरॅमलची भीती नको. फरक एवढाच की कुंद्यात दूध मुद्दाम थोडं दही घालून कणीदार करतात, आणि पुडिंगमध्ये एक कणी दिसली तरी ते फसलं.

दूध कोणतं घ्यावं? म्हशीचं चालेल का?

चालेल, आणि चवीला छान लागेल. फक्त निरसं दूध असेल तर आधी उकळून, गार करून, साय काढून घ्या. साय ठेवली तर पुडिंगवर तुपाचे डोळे दिसतात आणि पोत तेलकट होतो. म्हशीचं दूध फार दाट वाटलं तर ४०० मिलि दुधात १०० मिलि पाणी घाला. पाकिटाचं दूध घेताना छापलेला फॅटचा आकडा बघा. तीन ते साडेचार टक्के उत्तम. स्किम्ड दुधाचं पुडिंग घट्ट होतं, पण रबरासारखं लागतं.

दूध आटवायची गरज नाही. बासुंदीसारखं आटवलेलं दूध घातलं की पुडिंग जड होतं आणि कॅरॅमलची चव मागे पडते.

अंडी मिसळताना दूध फाटल्यासारखं, दोरे-दोरे का दिसतं?

दूध फाटलेलं नसतं, अंडं शिजलेलं असतं. उकळत्या दुधात अंडं ओतलं की जिथे ते दुधाला टेकेल तिथे लगेच गोठतं. दूध आणि साखर एकत्र गरम करा, साखर विरघळली की उतरवा आणि बोट बुडवून दोन-तीन सेकंद सहज ठेवता येईल एवढं निवू द्या. अंडी दुसऱ्या पातेल्यात फोडून काट्याने मोडून घ्या. मग दूध अंड्यात घाला, अंडं दुधात नको. पहिला पळीभर दूध बारीक धारेने, ढवळत ढवळत, बाकीचं जरा सढळ हाताने.

आणि फेटू नका. ऑम्लेटसारखं फेस येईपर्यंत फेटणं इथे नुकसानीचंच. शेवटी बारीक गाळण्यातून गाळा, म्हणजे अंड्याचे पांढरे धागे अडकतील. दहा मिनिटं ठेवा, वर आलेला फेस चमच्याने किंवा टिश्यूच्या टोकाने काढा, मग डब्यात ओता.

ओव्हन नाही. कुकरमध्ये कसं करायचं?

कुकरचं झाकण लावून शिट्टी घेणं ही सर्वांत मोठी चूक. दाबाखाली कुकरच्या आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं. पुडिंगचं दूध-अंड्याचं मिश्रण साधारण ८० अंशांना घट्ट होतं आणि ८५च्या पुढे गेलं की प्रथिनं आकसून पाणी सोडायला लागतात. म्हणजे हातात जेमतेम पाच अंशांची मोकळीक असते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. थोडा फायदा होतो, पण थोडाच. खळखळ उकळणाऱ्या पाण्याची वाफ पुडिंगला तरीही जास्तच गरम आहे.

रीत अशी. झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवा. कुकरच्या तळाशी जाळी किंवा स्टँड ठेवा, त्यावर चार पदरी घडी केलेलं सुती फडकं. एक इंचभर पाणी घालून उकळी आणा. डब्याचं तोंड ॲल्युमिनियमच्या फॉइलने घट्ट झाका. फॉइल नसेल तर डब्याच्या झाकणाला आतून स्वच्छ कापड बांधा. झाकणावर जमलेली वाफ थेंब-थेंब खाली पडली तर पुडिंगवर खड्डे पडतात आणि वरचा थर पाणचट होतो. डबा आत ठेवा, कुकरचं झाकण नुसतं टेकवा, आणि गॅस अगदी बारीक करा. पाणी हलकेच थरथरत राहिलं पाहिजे, उसळता कामा नये. बारीक आच कमी होतच नसेल तर झाकण तिरकं ठेवून एक बोट फट सोडा.

पंचवीस मिनिटांनी तपासा. बहुतेक वेळा पंचवीस ते पस्तीस मिनिटांत होतं. पूर्ण वेळ आत पाणी आहे ना, याकडे लक्ष ठेवा, आणि कमी पडलं तर गरम पाणीच घाला. गॅस बंद केल्यावर डबा दहा मिनिटं आतच राहू द्या.

मोदकपात्रातही हेच जमतं. इडलीपात्राच्या खोलगट ताटलीत मात्र करू नका, थर पातळ असल्याने मिनिटांत जास्त शिजतं.

ओव्हन असेल तर?

१५० अंश, आधी तापवलेला, पंखा असेल तर बंद. खोल ट्रेमध्ये फडकं अंथरून डबा ठेवा आणि आतल्या मिश्रणाच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी ओता. गार पाणी ओतलं तर ते तापेपर्यंतच वीस मिनिटं जातात आणि वेळेचा अंदाज चुकतो. सहा इंची डब्याला ४५ ते ५५ मिनिटं, लहान वाट्यांना ३० ते ३५. वीज जाऊन आली तर दार उघडू नका. पाण्याची उष्णता बराच वेळ टिकते, पुढे दहा-पंधरा मिनिटं वाढवली की झालं.

शिजलं हे कसं ओळखायचं?

डबा हलकेच हलवा. कडा स्थिर आणि मधला रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढा भाग नुकत्या लागलेल्या दह्यासारखा थरथरला पाहिजे. लाट आली तर कच्चं आहे. अजिबात हललं नाही तर जास्त झालंय. मधला भाग उरलेल्या उष्णतेत घट्ट होतो, फ्रिजमध्ये आणखी.

सुरी घालून बघायची असेल तर मधोमध नको, कडेपासून एक इंच आत घाला. ती स्वच्छ निघाली की उतरवा. मधोमध स्वच्छ निघेपर्यंत थांबलात तर कडा नक्की जास्त शिजलेल्या असतील. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचं थर्मामीटर आहे त्यांनी ८० ते ८२ अंशांना उतरवावं.

पुडिंगमध्ये जाळी पडते. कारण काय?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. भोकं कुठे आहेत ते आधी बघा, उत्तर तिथेच मिळतं.

भोकं कडांना आणि कॅरॅमलच्या बाजूला असतील, स्पंजासारखी, आणि चमचा घातल्यावर पाणी सुटत असेल, तर आच जास्त झाली. मिश्रणातलं पाणी उकळून वाफेचे बुडबुडे झाले आणि अंडं त्यांच्याभोवती गोठलं. आच कमी करा, डब्याखाली फडकं घाला, वेळ कमी करा. पातळ पत्र्याचा जर्मनचा डबा वापरत असाल तर तो झटकन तापतो. जाड स्टीलचा किंवा काचेचा घ्या.

उलटं करण्याआधी वरून दिसणारी बारीक, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील आणि आतला भाग मुलायम असेल, तर तो फेस आहे. मिश्रण फेटलं गेलं किंवा गाळून लगेच शिजवलं. चवीत काही फरक नाही, आणि उलटं केल्यावर ती बाजू खालीच जाते.

डब्याची खोलीही पाहा. मिश्रणाचा थर दीड ते दोन इंच असावा. उंच, अरुंद डब्यात मधला भाग शिजेपर्यंत कडांची जाळी ठरलेली.

अंड्याचा वास येतो, घरातली मंडळी खात नाहीत.

इसेन्स दुप्पट करणं हा उपाय नव्हे. वास मुख्यतः दोन कारणांनी येतो: अंडी जुनी असतात किंवा पुडिंग जास्त शिजलेलं असतं. अंड्याचा पांढरा भाग जास्त तापला की त्यातून गंधकाचा वास सुटतो, उकडलेल्या अंड्याला येतो तसाच. अंडं पाण्यात टाकून बघा. आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेकून द्या. गाळायला विसरू नका. चिमूटभर मीठ आणि किसलेलं जायफळ दोन्ही मदत करतात. वेलची चालते, पण ती कॅरॅमलवर कुरघोडी करते, म्हणून अगदी बेताने. आणि पुडिंग थंडगारच वाढा, कोमट पुडिंगला वास जास्त जाणवतो.

उलटं करताना तुटतं किंवा कॅरॅमल तळालाच राहतं.

घाई हे एकच कारण. कॅरॅमलची साखर कस्टर्डमधलं पाणी हळूहळू ओढून घेते आणि पातळ होते. त्याला वेळ लागतो. कमीत कमी सहा तास, खरं तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर आदल्या रात्रीच करा.

काढताना पातळ सुरी कडेने एकदा फिरवा, सुरी डब्याला टेकलेली, पुडिंगकडे नाही. डब्याचा तळ गरम पाण्यात वीस सेकंद धरा. वर खोलगट ताटली ठेवा, सपाट नको, कॅरॅमल वाहून ओट्यावर जाईल. दोन्ही घट्ट धरून एका झटक्यात उलटा करा आणि थांबा. पुडिंग सुटल्याचा हलका आवाज येतो. नाही आला तर डबा किंचित तिरका करून एका कडेने हवा आत जाऊ द्या.

थोडं कॅरॅमल तळाला टणक राहिलं तरी वाईट वाटून घेऊ नका. थर जाड असेल तर तसं होतंच. दोन चमचे पाणी घालून डबा मंद आचेवर तापवा, विरघळलेला पाक गार करून वरून घाला.

भांडं कोणतं? पितळेचं चालेल?

स्टीलचा जेवणाचा डबा, केकचा टिन, काचेचा बोल, सगळं चालतं. कल्हई केलेल्या पितळेच्या भांड्यात साखर जाळू नका. कल्हई म्हणजे कथिल, ते २३२ अंशांना वितळतं, आणि आचेवर रिकामी जागा तेवढी तापायला वेळ लागत नाही. काचेच्या गार भांड्यात गरम कॅरॅमल ओतलं तर भांडं तडकू शकतं, आधी गरम पाण्याने कोमट करून पुसून घ्या.

साखरेऐवजी गूळ घालता येईल?

ऊस आणि गुळाच्या मुलखात हा प्रश्न येणारच. तळाच्या कॅरॅमलसाठी गूळ नको. त्यात मुळातच इतर घटक असतात, तो रंग धरण्याआधी करपतो, आणि रंग आधीच गडद असल्याने करपलेलं कळतही नाही. हवं तर ८० ग्रॅम गूळ २ टेबलस्पून पाण्यात विरघळवा, गाळा, एकतारी होईपर्यंत उकळा आणि तो पाक तळाशी घाला. चव कॅरॅमलची नसेल, पण चांगली असेल.

कस्टर्डमध्ये गूळ घालताना दूध फाटण्याचा धोका असतो, कारण गूळ कमी-अधिक आंबट असतो. दूध कोमट झाल्यावरच किसलेला गूळ घाला, गूळ घातल्यावर ते दूध पुन्हा थेट आचेवर तापवू नका.

अंड्याशिवाय होईल का? श्रावणात किंवा अंडं न चालणाऱ्या घरी काय करायचं?

होईल, पण पदार्थ वेगळा होईल हे मान्य करून करा. तीन मार्ग आहेत.

सर्वांत जवळ जाणारा दह्याचा. एक वाटी पाणी निथळलेलं गोड दही, एक वाटी कंडेन्स्ड मिल्क, एक वाटी दूध आणि एक टेबलस्पून कस्टर्ड पावडर गुठळी न ठेवता मिसळा, कॅरॅमलवर ओता, वर सांगितल्याप्रमाणे वाफवा. तीस मिनिटांत घट्ट होतं. बंगाली भापा दोईची ही रीत. दही आंबट असेल तर पुडिंगही आंबट होणार.

दुसरा चायना ग्रासचा. ५ ग्रॅम चायना ग्रास एक वाटी पाण्यात अर्धा तास भिजवून, पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. ५०० मिलि दूध आणि २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क गरम करून त्यात गाळून घाला. दूध गार असेल तर चायना ग्रास तिथल्या तिथे गोठून दोरे होतात. हे शिजवावं लागत नाही, बाहेरच घट्ट होतं. सुरीने स्वच्छ कापलं जातं, पण जिभेवर विरघळत नाही. जिलेटिन वापरण्याआधी लक्षात घ्या, ते शाकाहारी नाही.

तिसरा मार्ग खरवसाचा, त्याबद्दल पुढे.

चीक मिळाला तर खरवसाखाली कॅरॅमल घालता येईल?

जरूर घाला. गिण्ण म्हणा किंवा खरवस, चिकात अशी प्रथिनं भरपूर असतात जी तापल्यावर आपोआप घट्ट होतात, अंड्याचं काम तीच करतात. पहिल्या दिवसाच्या चिकात तेवढंच किंवा जास्तही दूध मावतं, दुसऱ्या दिवसाच्यात कमी, तिसऱ्या दिवसाचा चीक पातळ असतो. गाय-म्हैस, दिवस, जनावराचं खाणं यावर प्रमाण बदलतं, म्हणून एक वाटीभर मिश्रण आधी वाफवून बघा. फार घट्ट झालं तर दूध वाढवा.

साखर कस्टर्डइतकीच, जायफळ-वेलची नेहमीप्रमाणे. इसेन्स नको, चिकाचा स्वतःचा वास दाबू नये. जाळी खरवसालाही त्याच कारणाने पडते.

ताटलीत पाणी सुटतं. ते कॅरॅमल का?

तपकिरी असेल तर कॅरॅमल. पारदर्शक, पिवळसर पाणी पुडिंगच्या कापलेल्या जागेतून येत असेल तर ते जास्त शिजल्याची खूण आहे. खायला सुरक्षित आहे, पोत तेवढा गेला.

पंचवीस जणांसाठी करायचं आहे.

प्रमाण चौपट करा, डबा चौपट मोठा करू नका. सहा इंची चार डबे किंवा पंचवीस लहान वाट्या. वाट्यांना प्रत्येकी एक टेबलस्पून कॅरॅमल पुरतं. चौपट कॅरॅमल एकदम केलं तर ओतता ओतता शेवटच्या वाटीपर्यंत ते काळं होतं किंवा थिजतं, दोनदा करा.

किती टिकतं? बेळगावहून कोल्हापूरला नेता येईल?

फ्रिजमध्ये झाकून तीन दिवस. दुसऱ्या दिवशी चव सर्वांत चांगली असते. डीप फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठून वितळलं की पाणी आणि दाणे वेगळे होतात. दूध-अंड्याचा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात तासभरच.

प्रवासात न्यायचं तर उलटं न करता, डब्यातच. रात्रभर गार केलेला डबा झाकण घट्ट लावून बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या पेटीत ठेवा, पोहोचल्यावर पुन्हा फ्रिजमध्ये, मग उलटा. रस्त्यात हिसके बसले तरी डब्यातलं पुडिंग मोडत नाही, उलटं केलेलं मोडतं.

कॅरॅमलचं भांडं घासून निघत नाही.

घासू नका. भांड्यात काठोकाठ पाणी भरा, चमचाही त्यातच टाका आणि पाच मिनिटं उकळा. साखर आहे ती, पाण्यात विरघळून जाते. गार झाल्यावर नेहमीसारखं धुवा.